वाचकांचे प्रश्न : कॅन्सरची जीन टेस्ट, आधी कोणाची?

मागच्या वेळी आनुवंशिक कॅन्सरवर सहज चार ओळी लिहिल्या आणि वर आगाऊपणाने लिहिलं की प्रश्न असतील तर पाठवा, तर आता इनबॉक्स उघडायची भीती वाटतेय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. पण अर्ध्याहून जास्त लोकांनी शब्द बदलून एकच विचारलंय, मी टेस्ट करून घेऊ का, आणि बहुतेकांना माझं उत्तरही एकच आहे की तुम्ही नका, आधी घरातलं दुसरं कुणीतरी. का ते पहिल्याच पत्रात येईल.

प्रश्न : आईला ४१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ती बरी झाली, आता ५९ ची आहे आणि ठणठणीत आहे. मावशी मात्र ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मी ३२ वर्षांची आहे, मला काहीही त्रास नाही. एका लॅबवाल्याने सांगितलं नुसती लाळ द्या, तीन आठवड्यात रिपोर्ट. आईला या वयात पुन्हा त्या विषयात ओढायचं नाही म्हणून गुपचूप माझीच टेस्ट करून टाकू का?

गुपचूप नका करू, आणि स्वतःची तर आधी अजिबात नका करू. तुमचा हेतू चांगला आहे हो, पण ही टेस्ट तशी चालत नाही.

असं समजा की घरात कुठेतरी पाणी झिरपतंय. ओल आलीये एका भिंतीला आणि तुम्ही खरवडताय दुसरी, कोरडी भिंत. तिथे काही सापडलं नाही तर त्यातून कळलं काय? गळती नाही असं कळलं का? नाही, फक्त या भिंतीत दिसली नाही एवढंच कळलं. तुमच्या घरात ओल आलेली भिंत म्हणजे आई. आधी तिचं रक्त तपासायचं. तिच्यात बिघाड सापडला, समजा बीआरसीए१ नावाच्या जीनमध्ये अमुक जागी, तर मग तुमच्यात फक्त तीच एक जागा बघायची आणि उत्तर स्वच्छ येतं, आहे किंवा नाही. नसेल तर आईकडून आलेल्या त्या भानगडीतून तुम्ही खरोखर सुटलात. पण आईची टेस्ट न करता तुमची निगेटिव्ह आली तर त्याचे दोन अर्थ निघतात, एक म्हणजे आईत बिघाड होता आणि तुमच्यात उतरला नाही, दुसरा म्हणजे आईचा बिघाड अशा जीनमध्ये आहे जो या टेस्टमध्ये बघितलाच नव्हता किंवा अजून कुणालाच माहीत नाही, आणि तो तुमच्यातही असू शकतो. या दोन अर्थांमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तुमच्या हातातला कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. लॅबवाला हे सांगत नाही, त्याला सॅम्पल हवं असतं.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकते. 'तिला बीआरसीए जीन आहे' असं लोक म्हणतात. अहो तो सगळ्यांनाच असतो, पुरुषांनाही. बीआरसीए१ हा १७ नंबरच्या क्रोमोसोमवर आणि बीआरसीए२ हा १३ नंबरच्या, आणि दोघांचं काम डीएनए तुटला की तो नीट जोडायचा. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं की काही घराण्यांतल्या ब्रेस्ट कॅन्सरचा धागा १७ नंबरवर जातो, मग १९९४ मध्ये बीआरसीए१ नेमका सापडला आणि पुढच्या वर्षी बीआरसीए२. जीन असण्यात काही नाही, तो बिघडलेला असण्यात आहे. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची एक वडलांची, आणि एक जन्मापासूनच बिघडलेली असेल तर दुसरीवर सगळा भार, ती एखाद्या पेशीत बिघडली की दुरुस्ती करणारं कुणी उरत नाही. बाकीच्यांच्या दोन्ही प्रती आयुष्यात एकामागोमाग बिघडाव्या लागतात, त्याला वेळ लागतो. म्हणून अशा घरांत कॅन्सर तरुण वयात होतो. दोन धक्क्यांचा हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून मांडला होता, तेव्हा हे जीन कुणी पाहिलेही नव्हते.

म्हणून तुमच्या आईचं ४१ हे वय माझ्यासाठी महत्त्वाचं, आणि त्यात मावशीची ओव्हरी. तुमच्या पत्रातल्या पहिल्या दोन वाक्यांतच टेस्टचं कारण आहे. याउलट आयुष्यभर सिगरेट ओढलेल्या आजोबांना पंचाहत्तरीत फुप्फुसाचा कॅन्सर झाला म्हणून कुणी जीन टेस्ट करत असेल तर ती बहुतेक वाया जाणार. एकूण कॅन्सरपैकी ५ ते १० टक्केच असे थेट वारशाने आलेले असतात, बाकी सगळे वय, सवयी, आणि हो, निव्वळ नशीब.

तर आईशी बोला. तिला बहुतेक आधीच संशय असतो, मुलींना घाबरवायला नको म्हणून तीही गप्प असते, दोघी एकमेकींपासून लपवताय. बोलताना एक कागद घ्या आणि तीन पिढ्यांचं झाड काढा, कोणाला, कुठला अवयव, कितव्या वर्षी. इथे आपली भाषा कामाला येते, मावशी म्हटलं की आईची बाजू, आत्या म्हटलं की वडलांची, जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे या टेस्टबद्दल सल्ला देणाऱ्या माणसाला, दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. पण जुनी माणसं 'पोटात गाठ झाली होती' एवढंच सांगतात आणि त्या पोटात आतडं, गर्भाशय, ओव्हरी, जठर सगळंच आलं. जुने कागद शोधा, बायोप्सीचा एक पिवळा पडलेला रिपोर्टही पुष्कळ सांगून जातो.

आई हयात नसती तर? मग कॅन्सर होऊन गेलेलं दुसरं जवळचं नातेवाईक बघायचं, कधीकधी ऑपरेशनच्या वेळचा जपून ठेवलेला ट्यूमरचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडाही उपयोगी पडतो, आणि काहीच नसेल तर मग निरोगी माणसाची करायची पण निगेटिव्ह आली तर पेढे वाटायचे नाहीत. अजून एक, कुणाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेलं असेल तर ते आधी सांगा, कारण त्यांच्या रक्तात डीएनए दात्याचा असतो, लाळेतही तो मिसळलेला असतो, तिथे त्वचेच्या पेशी वाढवून टेस्ट करतात. हे न सांगितल्यामुळे भलत्याच माणसाचा रिपोर्ट हातात आलेला मी पाहिलाय.

प्रश्न : बहिणीला बीआरसीए२ पॉझिटिव्ह निघालं. ती आम्हा दोघा भावांच्या मागे लागलीये टेस्ट करा म्हणून. हा बायकांचा आजार ना? आम्हाला काय करायचंय?

बहीण बरोबर आहे. १३ नंबरचे क्रोमोसोम तुमच्याकडेही दोनच आहेत, तिच्यासारखेच. आईवडलांपैकी ज्याच्याकडून तिला हा बिघाड आला त्याच्याकडून तुम्हा प्रत्येकाला यायची शक्यता ५० टक्के, आणि ५० टक्के प्रत्येकाला वेगळी बरं का, 'तिला आला म्हणजे आता आम्ही सुटलो' असा हिशोब नसतो.

बीआरसीए२ बिघडलेल्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त होतो आणि झाला तर तो जास्त आक्रमक असतो, म्हणून त्यांची पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी चाळिशीपासून सुरू करायला सांगतात. पुरुषांना ब्रेस्ट कॅन्सरही होतो, एरवी अगदी क्वचित, या लोकांत जास्त. पॅन्क्रियाजच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या, कॅन्सरचाही धोका थोडा वाढतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी तुम्हाला मुली असतील तर त्यांच्यापर्यंत तो तुमच्यातूनच जाणार. ज्या घरात दोन पिढ्या नुसते मुलगेच झाले तिथे हा बिघाड शांतपणे खाली सरकत येतो, कुणाला काही होत नाही, आणि मग एका नातीला पस्तिशीत गाठ लागते आणि सगळे म्हणतात आमच्याकडे तर कुणालाच नव्हतं. वडलांची बाजू विचारायला डॉक्टरही विसरतात, हे मी आमच्याच लोकांबद्दल बोलतेय.

प्रश्न : माझ्या रिपोर्टवर पॉझिटिव्ह पण नाही, निगेटिव्ह पण नाही, 'व्हीयूएस' असं लिहिलंय. आत्याला ब्रेस्ट कॅन्सर होता ६८ व्या वर्षी, म्हणून मी हौसेने ८० जीन्सचं मोठं पॅनेल केलं. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की मुलं झालीत ना मग ओव्हरीज काढून टाका, डोक्याला ताप नको. आठ दिवस झोप नाहीये.

आधी झोपा. खरंच.

व्हीयूएस म्हणजे तुमच्या जीनमध्ये एक फरक दिसला आणि तो वाईट आहे की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. बस, एवढंच. तो अर्धा पॉझिटिव्ह नाही, सौम्य पॉझिटिव्ह नाही, 'सध्या निगेटिव्ह पण पुढे होईल' असंही नाही. २०१५ मध्ये ठरलेल्या नियमांप्रमाणे लॅब प्रत्येक फरकाला पाच खणांपैकी एकात टाकते, नक्की घातक, बहुधा घातक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. तुमचा मधल्या खणात आहे. मधल्या खणातले फरक कालांतराने पुन्हा तपासले जातात आणि ज्यांचा निकाल लागतो त्यातले दहापैकी जवळपास नऊ निरुपद्रवी बाजूला जातात. उरलेला एखादा घातक बाजूला जातो, ते नाकारत नाही, पण त्या एकासाठी आज ओव्हरीज काढणं म्हणजे सापडला तो दोर पकडून साप साप ओरडण्यासारखं आहे.

व्हीयूएसवरून ऑपरेशन करायचं नाही. हे माझं वैयक्तिक मत म्हणून सांगत नाहीये, सगळ्या गाइडलाइन्स हेच म्हणतात. तुम्हाला काय तपासण्या लागतील हे घरातल्या इतिहासावरून ठरवायचं, जणू काही हा फरक रिपोर्टमध्ये नव्हताच. आणि तुमचा इतिहास काय, तर एक आत्या, ६८ व्या वर्षी. एवढ्यावरून तुमचा धोका फारसा वाढलेला नाही, नेहमीच्या वयात नेहमीचं मॅमोग्राम करत राहा. पुरुष डॉक्टर बाईच्या ओव्हरीज इतक्या सहज 'काढून टाका' म्हणतात तेव्हा मला नेहमी वाटतं त्यांना विचारावं तुमचं काय काय काढू. असो. संपादकांनी हे वाक्य ठेवलं तर बघा.

मोठं पॅनेल केलंत ना, म्हणूनच हे झालं. जितके जास्त जीन्स तपासाल तितके अनिश्चित फरक जास्त सापडणार, साधा हिशोब आहे. लॅब ८० जीन्स विकते कारण ऐकायला भारी वाटतं, पण त्यातल्या कित्येकांबद्दल सापडलं तर करायचं काय हेच ठरलेलं नाही. आणि यात एक अन्याय पण आहे, तो बोलायलाच हवा. कुठला फरक निरुपद्रवी हे ठरतं हजारो निरोगी लोकांच्या डीएनएशी ताडून, आणि जगातल्या या डेटाबेसमध्ये भरणा आहे युरोपीय वंशाच्या लोकांचा. बाकीच्यांमध्ये जो फरक अगदी सर्रास आढळतो तोही लॅबला 'कधी पाहिला नाही' असा वाटतो आणि मधल्या खणात जातो. म्हणजे तुमच्या शरीरात काही अनिश्चित नाहीये, अनिश्चित आहे ते लॅबचं ज्ञान.

आता करायचं काय? रिपोर्ट फाइलला लावा, दर एकदोन वर्षांनी लॅबला किंवा काउन्सेलरला विचारा की खण बदलला का, पत्ता किंवा फोन बदलला तर त्यांना कळवा. बहिणी-भावांना या फरकासाठी टेस्ट करायला लावू नका, त्यांच्यात सापडला काय आणि नाही सापडला काय, अर्थ तेवढाच अनिश्चित.

प्रश्न : मी एक ऑनलाइन किट मागवून लाळ पाठवली होती, पूर्वज कुठले ते कळतं म्हणून. त्यात बीआरसीए निगेटिव्ह आलंय. आई आणि आजी दोघींना कॅन्सर होता. आता निश्चिंत ना?

नाही. अमेरिकेत २०१८ च्या मार्चमध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीला बीआरसीएचा रिपोर्ट थेट ग्राहकाला द्यायची परवानगी मिळाली तेव्हा ती टेस्ट फक्त तीन ठरावीक बिघाड बघत होती, जे मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू वंशाच्या लोकांत आढळतात. आणि या दोन जीन्समधले घातक बिघाड आहेत हजारांहून जास्त. तीन दारं ढकलून बघितली आणि इमारतीला कुलूप आहे म्हणून सांगितलं. नंतर काही किट्सनी यादी वाढवली तरी ती यादीच, पूर्ण जीन वाचणं नव्हे.

उलटंही होतं. काही जण किटचा कच्चा डेटा कुठल्यातरी वेबसाइटवर टाकतात आणि तिथून 'तुम्हाला घातक म्यूटेशन' येतं. असे फरक एका क्लिनिकल लॅबने पुन्हा तपासले तर त्यातले ४० टक्के मुळात नव्हतेच, मशीनची चूक. तेव्हा किटवरून ना आनंद ना दुःख. आई हयात असेल तर वरचं पहिलं उत्तर वाचा.

प्रश्न : मला लिंच सिंड्रोम आहे, एमएलएच१ जीन. मुलगी १४ वर्षांची आहे. तिची टेस्ट लगेच करून घ्यावी असं मला वाटतं, नवरा म्हणतो नको. आमची रोज भांडणं होतायत.

यावेळी नवऱ्याची बाजू घेते, पण कारण नीट ऐका म्हणजे तुम्हालाही पटेल.

लिंच म्हणजे वारशाने येणारा कॅन्सरचा धोका, त्यात मुख्य मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा, आणि तो मोठेपणी. एमएलएच१ असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, साधारण २० ते २५ वर्षांपासून सुरू करायची, घरात कुणाला त्याआधीच कॅन्सर झाला असेल तर त्याहून लवकर, आणि मग दर एकदोन वर्षांनी. म्हणजे आज १४ व्या वर्षी कळलं तरी तिच्या उपचारात उद्या सकाळी काहीही बदलणार नाही, बदलेल फक्त तिचं स्वतःकडे बघणं, आणि तुमचंही. आणि कळून घ्यायचं की नाही हा तिचा हक्क आपण तिच्या आधीच वापरून टाकतो. १८ नंतर ती स्वतः ठरवेल, तोवर तुम्ही स्वतःच्या कोलोनोस्कोपीला नेमाने जात राहा, ती तुम्हाला बघत असते.

पण हा नियम सगळ्या जीन्सना लागू नाही, म्हणून दुसऱ्या कुणी हे वाचून चुकीचा अर्थ काढू नका. एपीसी जीनच्या बिघाडात, ज्याला एफएपी म्हणतात, आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप्स, म्हणजे छोट्या गाठी, येतात आणि ते किशोरवयातच सुरू होतात, मोठं आतडं काढलं नाही तर कॅन्सर जवळजवळ अटळ, तिथे १०-१२ व्या वर्षीच तपासणी लागते आणि मुलांची टेस्ट करतातच. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात तर जन्मल्या जन्मल्या. सूत्र एकच, आत्ता कळल्याने आत्ता काही करता येणार असेल तर करा.

लिंचवरून एक जुनी गोष्ट आठवली. १८९५ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बरला आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई उदास दिसली म्हणून त्यांनी विचारलं तर म्हणाली मी तरुणपणीच मरणार, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याचं झाड लिहून काढलं आणि १९१३ मध्ये छापलं. ती पुढे गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेली. हेन्री लिंच यांनी नंतर त्याच घराण्याचा माग पुढे नेला, आणि जीन्स सापडले १९९३ च्या आसपास. म्हणजे त्या शिवणाऱ्या बाईला जे माहीत होतं ते विज्ञानाला कळायला जवळपास १०० वर्षं लागली. मी काउन्सेलिंगला बसते तेव्हा म्हातारी आजी 'आमच्यात हे आहेच' म्हणाली की पेन खाली ठेवून ऐकते.

तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट, पुढच्या भेटीत डॉक्टरांना ॲस्पिरिनबद्दल विचारा. लिंचच्या लोकांवर मोठी ट्रायल झालीये, दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम, आणि काही वर्षांनंतर आतड्याचे कॅन्सर स्पष्ट कमी दिसले. स्वतःहून सुरू करू नका, पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, डोस त्यांनाच ठरवू दे.

प्रश्न : आईला ओव्हरीचा कॅन्सर झालाच आहे, किमो चालू आहे. आता जीन टेस्ट करून काय मिळणार, जे व्हायचं ते झालं.

औषध मिळू शकतं. बीआरसीए बिघडलेल्या पेशीकडे डीएनए जोडायची एक वाट बंद असते, ती दुसऱ्या वाटेवर तगून असते. पार्प इनहिबिटर नावाची औषधं ती दुसरी वाटही बंद करतात, मग कॅन्सरची पेशी मरते आणि शरीरातल्या बाकी पेशींकडे पहिली वाट शाबूत असल्यामुळे त्या तगतात. प्रयोगशाळेत हे २००५ मध्ये दिसलं आणि ओलापारिब हे पहिलं औषध २०१४ च्या शेवटी बाजारात आलं, तेही ओव्हरीच्याच कॅन्सरसाठी. तेव्हा आईच्या ऑन्कोलॉजिस्टना या आठवड्यातच विचारा. ट्यूमरची टेस्ट झालीये असं म्हणाले तर रक्ताची पण झालीये का तेही विचारा, कारण ट्यूमरमधला बिघाड फक्त ट्यूमरमध्येच असू शकतो, वारशाचा आहे का ते रक्तच सांगतं आणि तुम्हा मुलांना ते हवंय.

प्रश्न : मला बीआरसीए१ पॉझिटिव्ह आलं, वय ३४, दोन मुलं, अजून कॅन्सर नाही. अँजेलिना जोलीने केलं तसं सगळं काढून टाकू का? नेटवर ८७ टक्के वाचलं आणि हातपाय गळाले.

तो ८७ चा आकडा ब्रेस्ट कॅन्सरच्या धोक्याचा, तिच्याच २०१३ च्या मे महिन्यातल्या लेखातला, तिच्या डॉक्टरांनी तिला तसं सांगितलं होतं. सुरुवातीचे आकडे अशा घराण्यांवरून काढले होते जिथे दर पिढीत तीनचार जणींना कॅन्सर होता, साहजिकच ते फुगलेले होते. २०१७ मध्ये हजारो बायकांना वर्षानुवर्षं फॉलो करून आकडे आले, बीआरसीए१ मध्ये ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर ७२ टक्के आणि ओव्हरी ४४ टक्के, बीआरसीए२ मध्ये ६९ आणि १७. कमी नाहीत, मान्य. पण 'वयाच्या ८० पर्यंत' हे शब्द पुन्हा वाचा. पुढच्या पाच वर्षांत, पुढच्या दहा वर्षांत किती, हा आकडा यापेक्षा बराच लहान असतो आणि निर्णय घ्यायला तोच कामाचा. काउन्सेलरकडून तो कागदावर लिहून घ्या, घरी गेल्यावर ऐकलेलं काही आठवत नाही.

आणि ब्रेस्ट आणि ओव्हरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र करू नका. ब्रेस्टवर नजर ठेवता येते, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राम, त्यात सापडला तर बहुधा लवकर सापडतो. म्हणून स्तन काढणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. काढले तर धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो, पण कित्येक जणी वर्षानुवर्षं एमआरआयवर राहतात आणि ते चूक नाही. ओव्हरीचं तसं नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ची रक्ततपासणी यावर ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांची प्रचंड मोठी ट्रायल झाली, त्या सर्वसाधारण बायका होत्या, २०२१ मध्ये निकाल आला, तपासण्या केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. जास्त धोक्याच्या बायकांतही ऑपरेशनला पर्याय ठरेल अशी तपासणी आज नाही. म्हणून बीआरसीए१ मध्ये मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान ओव्हरीज आणि ट्यूब्ज, म्हणजे गर्भनलिका, काढायला सांगतात, बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. ट्यूब्ज का, तर यातले बरेच कॅन्सर मुळात ट्यूबच्या टोकाशीच सुरू होतात असं आता दिसतंय.

जोलीनेही दोन्ही एकदम नाही केलं, ओव्हरीजचं ऑपरेशन २०१५ मध्ये केलं. तुमच्याकडे वेळ आहे, वर्षभराचा तरी. तो वापरा, कारण ओव्हरीज काढल्या की दुसऱ्या दिवशी मेनोपॉज, हळूहळू नाही, एकदम. घामाचे लोट, झोप, हाडं, मूड, नवराबायकोतलं सगळं, हे ऑपरेशनच्या आधी बोलायचं, हार्मोन्स घेता येतील का तेही. ऑपरेशन झालेल्या एखाद्या बाईशी बोलायला मिळालं तर दहा डॉक्टरांपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी. मला पॉझिटिव्ह आलंय. धाकटीला सांगायला गेले तर म्हणाली मला काही ऐकायचं नाही, फोन ठेवला. काय करू? फॅमिली ग्रुपवर टाकू का?

ग्रुपवर अजिबात नको! तिथे काका 'सगळं देवावर सोडा' लिहितील, कुणीतरी हळदीचा फॉरवर्ड टाकेल आणि खरं काम राहील बाजूला.

रिपोर्ट तुमच्या नावाचा असला तरी त्यातली माहिती तिचीही आहे, म्हणून एकदा स्पष्ट कळवणं तुमचं काम. पण कळून न घेणं हा तिचा अधिकार. तिला छोटं पत्र लिहा, माझी एक टेस्ट झालीये, तुझ्या तब्येतीशी संबंध आहे, रिपोर्टची कॉपी माझ्या कपाटात आहे, हवी तेव्हा माग. काउन्सेलर असं नातेवाइकांसाठीचं पत्र तयार करून देतात, त्यात नेमका बिघाड लिहिलेला असतो म्हणजे तिच्या लॅबला फक्त तेवढंच बघावं लागतं. नंतर दर सणावाराला विषय काढू नका. कुणी सहा महिन्यांनी फोन करतं, कुणी सहा वर्षांनी. टेस्ट करायच्या आधी तिने विम्याचं बघून घ्यावं एवढं मात्र पत्रात लिहा, रिपोर्ट आल्यावर नवी पॉलिसी घेताना काय विचारतात याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत.

एक विचारायचं राहिलं, तुम्ही एकसारख्या जुळ्या तर नाही ना? असाल तर तुमचा रिपोर्ट म्हणजेच तिचा रिपोर्ट, आणि मग हे सगळं फार जास्त जपून करायला लागेल, आधी मला परत लिहा.

प्रश्न : आईला आणि ताईला बीआरसीए२ चा तोच बिघाड निघाला, माझ्यात नाही. सगळे म्हणतात नशीबवान आहेस, मला मात्र ताईकडे बघवत नाही. माझ्या तपासण्या आता बंद करू का? आणि माझ्या मुलीची टेस्ट कधी करायची?

ताईकडे बघवत नाही हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता रिपोर्ट देतानाच सांगून ठेवते, निगेटिव्ह येणाऱ्याला पण त्रास होतो. त्यावर माझ्याकडे औषध नाही. ताईच्या एमआरआयच्या दिवशी सोबत जा, त्या मशीनचा आवाज भयानक असतो आणि बाहेर कुणीतरी बसलंय हे माहीत असलं की बरं वाटतं.

तपासण्या बंद नाही करायच्या, फक्त ताईसारख्या दरवर्षीच्या एमआरआयची गरज नाही. तुमचा धोका आता साधारण चारचौघींसारखा झाला, शून्य नाही, तेव्हा चारचौघींचं मॅमोग्राम चालू ठेवा, आणि वडलांच्या बाजूला काही असेल तर ते वेगळं सांगा, हा रिपोर्ट फक्त आईकडच्या बिघाडाचा आहे. मुलीला तुमच्याकडून हा बिघाड जाऊच शकत नाही, पिढी वगळून उडी मारत नाही तो. तिची टेस्ट करायची नाही.